स्टिअरिंग-थरकाप
सलग पुढचा अ‍ॅक्सल असलेल्या गाडीची पुढची चाके वेगात खड्डा किंवा सांधा लागताच डावी-उजवीकडे जोरात फडफडू लागणे व गाडी सावकाश होईपर्यंत न थांबणे (पहा : अनुस्पंदन).

हा दोष मोटारीइतकाच जुना आहे. जनरल मोटर्सने 1934 साली काही मोटारींना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन दिले, त्यामागे हेही एक कारण होते. जीप रँग्लर, सुझुकी जिम्नी यांनी मात्र सलग अ‍ॅक्सल राखला.

गाडी उंचावली की अ‍ॅक्सल किंचित फिरतो, कॅस्टर कोन (चाकाच्या वळण-अक्षाचा मागे झुकाव) घटतो आणि चाके आपणहून सरळ होण्याची ओढ मंदावते. अ‍ॅक्सल आडवा सरकू न देणारा ट्रॅक बार तिरका होऊन त्याच्या बोल्टवर ताण येतो. मोठे टायर भर घालतात.

निदानाची सुरुवात चाके जमिनीवर ठेवून होते. इंजिन चालू ठेवून एकजण स्टिअरिंग थोडेथोडे हलवतो, दुसरा खालून ट्रॅक बारची दोन्ही टोके पाहतो. बोल्ट छिद्रात सरकला, तर छिद्र लांबट झालेले असते. पुढे टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, जिम्नीत किंगपिन बेअरिंग. शेवटी कॅस्टर मापन (पहा : चाक-संरेखन). नवा स्टिअरिंग डॅम्पर बहुधा दोष झाकतो. बॅलन्सिंगमधील त्रुटीची थरथर वेगळी : ती ठरावीक वेगाला, धक्क्याविनाही जाणवते.