व्यसनमुक्तीचे उपचार आणि कुटुंबाला मिळणारा आधार

राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन चाळीस दिवस दारूला स्पर्श न करण्याचा निर्धार करणारे पुरुष आपल्या बहुतेक धर्मग्रामांत आढळतात. पुनरुत्थान रविवारच्या दुपारी बाटली पुन्हा उघडते आणि ‘मनात आणले तर मी सोडू शकतो’ हे सिद्ध झाल्याचे समाधान घरात मानले जाते. ज्याला व्यसन जडलेले नाही, त्याच्यासाठी हा संयम उत्तम तप आहे. मात्र ज्याचे शरीर मद्यावर अवलंबून झाले आहे, त्याच्यासाठी शपथ हा उपचार नव्हे. प्रसंगी ती जीवावरही बेतू शकते.

मद्यपाश हे पाप की आजार, असा प्रश्न भाविक नेहमी विचारतात. अमेरिकन वैद्यकीय संघटनेने १९५६ साली त्याला आजार म्हणून मान्यता दिली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही त्याचा समावेश आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २२९०) मद्याच्या अतिरेकाविषयी स्पष्ट ताकीद आहे. या दोन गोष्टींत विरोध नाही. प्रायश्चित्त संस्कारात क्षमा मिळते. यकृताला व मेंदूला औषध लागते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या तरी स्वरूपाचा उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांच्या घरी बहुधा लाजेचे दार बंद असते.

व्यसन जडले आहे की नाही, हे ताडण्यासाठी डॉक्टर चार साधे प्रश्न विचारतात. पिणे कमी करावे असे कधी वाटले का? कोणी टोकले तर चीड येते का? पिण्याबद्दल अपराधी वाटते का? सकाळी उठल्यावर हातपाय ताळ्यावर येण्यासाठी घोट घ्यावा लागतो का? दोन प्रश्नांची उत्तरे ‘होय’ आली तर तज्ज्ञांकडे जावे. चौथ्याचे उत्तर ‘होय’ असेल तर विलंब करू नये.

अचानक सोडण्याचा धोका

रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, की काही तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होऊ लागतात, माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. ही अवस्था उपचाराविना प्राणघातक ठरू शकते. ‘त्याला बाहेरची बाधा झाली’ असे समजून अशा रुग्णाला प्रार्थनेसाठी फिरवू नये, थेट रुग्णालयात न्यावे. तेथे योग्य औषधे व ब जीवनसत्त्व देऊन साधारण आठवडाभरात शरीर विषमुक्त करता येते. प्रायश्चित्तकाळात दारू सोडू पाहणाऱ्या जुन्या पिणाऱ्याने डॉक्टरांना भेटून मगच राखेचा बुधवार पाळावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

दुसरा धोका पुड्यांचा. ‘रुग्णाच्या नकळत चहातून द्या, दारू सुटेल’ अशा जाहिराती भिंतींवर, रेल्वेच्या डब्यांत आणि आता मोबाइलवरही दिसतात. त्यांत काय असते, हे कोणी सांगत नाही. डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे. ते घेतल्यावर दारू प्यायल्यास ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. रुग्णाला कल्पना देऊन, त्याच्या संमतीने व डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उपयोगी पडते. चोरून दिले तर मृत्यूही ओढवू शकतो, आणि पुढे घरातल्या अन्नावरचा त्याचा विश्वास उडतो तो वेगळाच.

मदत कोठे मिळते

सर्वप्रथम फोन. १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा निःशुल्क क्रमांक आहे. मानसिक आरोग्याविषयी सल्ला देणारी ‘टेली मानस’ सेवा १४४१६ वर मिळते. ती २०२२ साली सुरू झाली. दोन्ही ठिकाणी रुग्णाऐवजी पत्नीने किंवा मुलाने फोन केला तरी चालतो.

खर्चाची चिंता असणाऱ्यांनी सरकारी व महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतील मनोविकार विभागात जावे. मुंबईत केईएम, नायर, शीव व जे. जे. येथे हे विभाग आहेत. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

आपल्याला जवळची संस्था म्हणजे कृपा फाउंडेशन. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथील माउंट कार्मेल चर्चच्या आवारात तिची सुरुवात केली. ते स्वतः मद्यपाशातून बाहेर आलेले आहेत आणि त्यांनी हे कधी लपवले नाही. समुपदेशनाला अय्यंगार योगाची जोड ही संस्थेची खासियत. वसईतही तिचे केंद्र आहे. फादरांना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली. पुण्याचे मुक्तांगण डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळाने उभारले. मराठी कुटुंबांना तेथील भाषा व वातावरण परके वाटत नाही.

खाजगी केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार दारू व अमली पदार्थांच्या सेवनातून उद्भवणारे मानसिक विकारही मानसिक आजारात मोडतात. त्यामुळे त्यांवर निवासी उपचार करणाऱ्या केंद्राला नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीपत्र पाहावे, डॉक्टर केव्हा येतात ते विचारावे, शुल्क लेखी घ्यावे. भेटीला व फोनला पूर्ण मनाई असलेले केंद्र टाळावे. ‘आम्ही माणसे पाठवून उचलून नेतो’ असे सांगणाऱ्यांच्या हाती आपला माणूस देऊ नये. रुग्ण नकार देत असेल आणि जीवाला धोका असेल, तर याच कायद्यात तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर व नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून तीस दिवसांपर्यंत दाखल करण्याची तरतूद आहे. साखळीने बांधणे कायद्याने निषिद्ध आहे.

अमली पदार्थांच्या बाबतीत पोलिसांच्या भीतीने पालक गप्प बसतात. मुलाला उपचाराला नेणे हा गुन्हा नाही. उलट, अल्प प्रमाणातील पदार्थाचे प्रकरण असेल व व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ तिला खटल्यापासून संरक्षण देऊ शकते. यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा.

समूहांचा आधार

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस अर्थात ‘एए’ ही चळवळ १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन शहरात सुरू झाली. सभासदत्वासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. शुल्क नाही, आडनाव विचारले जात नाही. ती कोणत्याही धर्माशी जोडलेली नाही, तरी मुंबईत तिच्या अनेक सभा चर्चच्या सभागृहांत व शाळांच्या वर्गांत भरतात. सभागृहाचे दार आपल्याच गल्लीत उघडते म्हणून संकोच वाटत असेल, तर दुसऱ्या धर्मग्रामातील सभेला जावे. पुष्कळ जण तसेच करतात.

१९५१ साली सुरू झालेला अल-अॅनॉन हा समूह कुटुंबीयांसाठी आहे आणि आमच्या मते आपल्या समाजात सर्वांत दुर्लक्षित आहे तो हाच. पिणारा उपचाराला तयार नसतानाही पत्नी तेथे जाऊ शकते. नवऱ्याच्या पिण्याला आपण कारण नाही, ते आपल्या ताब्यात नाही आणि ते बरे करणे आपल्या हाती नाही, हे तिला तेथे उमगते. मग कामावर ‘ताप आलाय’ असा खोटा निरोप देणे, उधारी फेडणे थांबते आणि पिण्याचे परिणाम प्रथमच पिणाऱ्यापर्यंत पोहोचतात. किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन आहे.

घरात मारहाण होत असेल तर ‘हा तुझा क्रूस आहे, सहन कर’ असा सल्ला कोणी देऊ नये, धर्मगुरूनेही नाही. ११२ अथवा महिलांसाठीच्या १८१ क्रमांकावर फोन करावा व मुलांसह सुरक्षित जागी जावे. नवऱ्याच्या उपचारांचे नंतर पाहता येईल.

परतल्यानंतर

केंद्रातील एक ते तीन महिन्यांनंतर खरी कसोटी घरी लागते. पाठपुराव्याच्या तारखा चुकवू नयेत. घसरण झाली तर सारे वाया गेले असे न मानता त्याच आठवड्यात समुपदेशकाला गाठावे. लग्नघरी, हळदीला वा सणाच्या जेवणात अशा माणसाला ‘एकच घे’ म्हणणारे पाहुणे असतातच. यजमानाने आधीच सरबताचा पेला त्याच्या हाती द्यावा.

पवित्र मिस्साविषयीही विचारणा होते. दोन्ही रूपांत ख्रिस्तप्रसाद दिला जात असेल, तेथे केवळ भाकरीच्या रूपात तो स्वीकारणे पूर्ण व योग्य आहे. त्यात ख्रिस्त संपूर्णपणे उपस्थित असतो. मद्यपाशातून बरे होत असलेल्या धर्मगुरूला बिशपांच्या परवानगीने द्राक्षारसाऐवजी मुस्तुम, म्हणजे आंबण्याची क्रिया थांबवलेला शुद्ध द्राक्षरस वापरता येतो. यासंबंधीचे रोमचे पत्र २४ जुलै २००३ चे आहे.