रिपोर्ट नॉर्मल, हात मात्र बधिर

मी दिवसभर कोड लिहितो आणि दोन वर्षं एक दुखणं सोबत घेऊन जगतोय. खांद्यापासून करंगळीपर्यंत कळ, बोटांत मुंग्या. नाव थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या आसपासच्या चिंचोळ्या वाटेत हाताच्या नसा दबतात.

आता याचा इतिहास ऐका. १८६१ मध्ये लंडनच्या होम्स कूट या सर्जननं मानेच्या मणक्यातून वाढलेलं जादा हाड काढलं. म्हणजे दोषी कोण, तर हाड! १८९५ मध्ये एक्स-रेचा शोध लागला आणि असं हाड न कापताही दिसायला लागलं. पण १९२७ मध्ये अमेरिकेत अ‍ॅडसन आणि कॉफी यांनी हाड तसंच ठेवून मानेतला स्केलीन स्नायू कापला. म्हणजे स्नायूही नस दाबतो. तो एक्स-रेत कुठे दिसतो?

आजचं नाव रुळलं १९५६ नंतर. पुढे डेव्हिड रूस यांनी साधी तपासणी सुचवली: हात वर धरून तीन मिनिटं मुठी उघडझाप करा. माझा हात त्याआधीच खाली येतो.

नाव नव्हतं तेव्हाही लोकांचं दुखतच होतं. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला, तरी कुणाला 'मनाचे खेळ' म्हणू नका.