जकात आणि सौदा : १९३३–३४ च्या हिंदी-जपानी वाटाघाटी

आयात-जकात हे देशी धंद्याभोवतीचे कुंपण समजावयाचे की परराष्ट्राशी सौदा करण्याचे हत्यार, हा वाद अर्थशास्त्रात जुना आहे. कुंपण म्हणून बसविलेली जकात हत्यार म्हणून कितपत उपयोगी पडते आणि त्या उपयोगाची किंमत कोण देतो, हे पाहण्यास १९३३–३४ मधील हिंदुस्थान व जपान यांच्यातील व्यापारकलहाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

डिसेंबर १९३१ मध्ये जपानने सुवर्णचलन सोडले. येनची हुंडणावळ कोसळली आणि वर्षभरात डॉलरच्या हिशेबाने येनचे मोल निम्म्याहूनही कमी झाले. जपानी कापड मुंबई-कलकत्त्याच्या बंदरांत असे स्वस्त उतरू लागले की, १९३२–३३ साली त्याची आयात सुमारे ५८ कोटी वारांवर गेली, म्हणजे जवळजवळ लँकेशायरच्या बरोबरीस आली. हिंदुस्थान सरकारने ब्रिटिशेतर कापडावरील जकात ऑगस्ट १९३२ मध्ये ३१¼ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणि जून १९३३ मध्ये ७५ टक्क्यांवर नेली. ब्रिटिश कापडावर मात्र ती २५ टक्केच राहिली. संरक्षण मुंबईच्या गिरण्यांच्या नावाने मागितले गेले खरे. परंतु त्याच्या सावलीत मँचेस्टरही उभे होते, हे विसरून चालत नाही. दरम्यान, केवळ जपानविरुद्ध जकात बसविण्यास आड येणारा १९०४ चा व्यापारकरार संपविण्याची नोटीस एप्रिल १९३३ मध्येच दिली गेली होती.

जपानचे उत्तर जकातीने आले नाही. तेथील सूतगिरण्यांच्या संघटनेने हिंदी कापूस न घेण्याचा निर्णय केला, आणि हा घाव अचूक बसला. आखूड धाग्याच्या हिंदी कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक जपानच होते. निरनिराळ्या जातींचा कापूस मिसळून सूत काढण्यात जपानी गिरण्यांचा हातखंडा असल्याने हा कापूस त्यांना चाले. लँकेशायरची चाती मुख्यतः लांब धाग्याच्या अमेरिकन कापसावर फिरत. जागतिक मंदीने कापसाचे भाव आधीच घसरलेले. अशा वेळी वऱ्हाड-खानदेशच्या कुणब्याने काय करावयाचे? मुंबईच्या गिरणीमालकासाठी उभारलेल्या कुंपणाचा काटा त्याच्या पायात रुतला. जकातीचे हत्यार उगारणाऱ्याच्या अंगाचा कोणता भाग उघडा आहे, हे प्रतिपक्ष आधी हेरतो. आणि तो भाग बहुधा संरक्षण मागणाऱ्याचा नसतो.

सप्टेंबर १९३३ मध्ये सिमल्यास वाटाघाटी सुरू झाल्या व पुढे त्या दिल्लीत चालल्या. हिंदुस्थानच्या बाजूने प्रमुख होते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील व्यापार खात्याचे सभासद, मूळचे नाशिकचे सर जोसेफ भोर; जपानी मंडळाचे नेतृत्व सेत्सुझो सावादा यांच्याकडे होते. जानेवारी १९३४ मध्ये तडजोड झाली, बहिष्कार उठला, आणि १२ जुलै १९३४ रोजी लंडन येथे करारावर सह्या झाल्या. त्यातील मुख्य अट अशी : जपानने वर्षास १० लाख गासड्या कापूस घेतल्यास त्यास ३२½ कोटी वार कापड पाठविता यावे, खरेदी १५ लाख गासड्यांपर्यंत वाढल्यास कापडाची मर्यादा ४० कोटी वारांपर्यंत वाढावी. जकात ७५ वरून पुन्हा ५० टक्क्यांवर आली.

हा शेवटचा तपशील अर्थपूर्ण आहे. जून १९३३ मध्ये चढविलेले २५ टक्के अखेर परत दिले गेले; म्हणजे सौद्यातील सोडण्याजोगा वाटा तेवढाच होता. त्याच्या बदल्यात मिळाली ती आयातीच्या परिमाणावरील मर्यादा, आणि जी जकातीने साधली नसती ती हीच होय. कारण चलन घसरविणाऱ्या देशाला टक्केवारीची भिंत ओलांडणे फारसे अवघड नसते. वारांची मर्यादा मात्र हुंडणावळीने हलत नाही. जकातीने जपानला सिमल्यास आणले, हे गिरणीमालकांचे म्हणणे म्हणूनच निम्मे खरे मानावे लागते. जपान आला तो रिकाम्या हाताने नव्हे, तर बहिष्कार घेऊन आला. आणि हिंदुस्थान सरकारला तडजोडीची निकड वाटली ती कापूस पडून राहिल्यामुळे. कापसाच्या बाजूने पाहता लाभ त्याहूनही बेताचा दिसतो : १० लाख गासड्यांची खरेदी जपान कलहापूर्वीही करीतच असे. शेतकऱ्यास नवे असे काही मिळाले नाही. गेलेले गिऱ्हाईक परत आले, एवढेच.

करारातील पळवाटाही लवकरच उघड झाल्या. कापडाचे सुटे तुकडे आणि कृत्रिम रेशमाचे कापड वारांच्या मर्यादेबाहेर राहिल्याने जपानी व्यापाऱ्यांनी तिकडे मोर्चा वळविला. १९३७ मध्ये कराराचे नूतनीकरण झाले तेव्हा तुकड्यांवरही मर्यादा घालावी लागली. ब्रह्मदेश वेगळा झाल्यामुळे कापडाची मूळ मर्यादा २८ कोटी ३० लाख वारांवर आली. कापूस व कापड यांची सांगड मात्र तशीच ठेवण्यात आली.