एका चुलीचें वसतिगृह

विद्यार्थि-वसतिगृहाचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे पायाभरणीचा समारंभ, देणग्यांचे आंकडे आणि नामांकित विद्यार्थ्यांची यादी यांवरच तो बहुधा संपतो. स्वयंपाकघरांत इतिहासकार सहसा डोकावत नाहीं. श्रोतेहो, आज मात्र मला आपणांस सातारच्या श्रीछत्रपति शाहू बोर्डिंग हाऊसच्या चुलीपाशींच न्यावयाचें आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचें सर्वांत धाडसी कार्य शाळेच्या फळ्यापेक्षां या चुलीपुढें अधिक घडलें, असें मला वाटतें.

त्यासाठीं प्रथम थोडें कोल्हापुरास गेलें पाहिजे. खेड्यांतील मुलानें शहरांत येऊन शिकावें हें खरें. पण त्यानें राहावें कोठें आणि जेवावें कोठें? या प्रश्नाचें उत्तर राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ सालापासून वसतिगृहें काढून दिलें. मराठ्यांचें, जैनांचें, मुसलमानांचें, लिंगायतांचें, आणि १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग. वसतिगृहें अशीं जातवार कां? एका छपराखालीं मुलें कदाचित् निजलीं असतीं, परंतु एका पंक्तीस जेवलीं नसतीं. महाराजांनीं काळाची नाडी ओळखली होती, आणि मुलें शिकलीं हें कांहीं थोडें नव्हे.

भाऊराव हे १८८७ सालीं कुंभोज येथें जन्मलेले. विद्यार्थिदशेंत कोल्हापूरच्या जैन वसतिगृहांत राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास ते गेले, परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्याचें त्यांनीं नाकारलें, आणि वसतिगृह सोडण्याची त्यांच्यावर पाळी आली, असें त्यांच्या चरित्रांत सांगितलेलें आहे. वसतिगृहाचें मर्म जेवणघरांत असतें, हा धडा त्यांना असा आयताच मिळाला!

१९१९ सालीं कऱ्हाडजवळच्या काले या गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं ती साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहांत महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशीं सर्व मुलें एकत्र ठेवण्यांत आलीं. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें या वसतिगृहाचा नामकरणविधि झाला.

कामें मुलांनींच करावयाचीं असा तेथील शिरस्ता. पाणी भरणें, सरपण फोडणें, भाकऱ्या भाजणें, झाडलोट करणें, कपडे धुणें, भांडीं घासणें. वरवर पाहतां यांत नवल तें काय? परंतु त्या काळच्या सातारा जिल्ह्यांतील एखादें खेडें डोळ्यांसमोर आणावें. ज्याची सावली टाळावयाची, त्याच्याच हातचें पाणी येथें सर्वांनीं प्यावयाचें. आणि माझ्या मतें त्याहूनहि कठीण गोष्ट दुसरीच होती. शेजारीं बसून जेवणें एखाद्या सणाच्या दिवशीं उत्साहाच्या भरांत कोणालाहि जमेल. दुसऱ्याचें उष्टें काढणें मात्र रोज जमावें लागतें. ज्या मुलाच्या घरीं तें काम आई, बहीण किंवा गडी करी, त्यालाहि तेथें ताटें घासावीं लागलीं. सहभोजनाचीं वर्णनें आपण पुष्कळ वाचतों. जेवणानंतर भांडीं कोणीं घासलीं हें मात्र क्वचितच कोणी लिहितो.

यांत तत्त्व किती आणि दारिद्र्य किती, असा प्रश्न कोणी विचारील. दोन्हीहि होतीं. आचारी ठेवावयास पैसा नव्हता. घरोघर मूठमूठ धान्य मागून कोठी भरावी लागे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोंवळें पाळणाऱ्या जैन घरांतून आलेल्या. त्यांनीं तें सोंवळें सोडलें आणि या मुलांचें आईपण पत्करलें. अंगावरचे दागिने मुलांच्या जेवणापायीं एकेक करून गेले. शेवटीं मंगळसूत्रहि राहिलें नाहीं. त्या काळच्या स्त्रीनें मंगळसूत्र उतरून देणें म्हणजे काय, हें येथें जमलेल्या माताभगिनींना मीं सांगावयास नको. १९३० सालीं त्या वारल्या. मुलांच्या वाट्याचीं कामें त्यानंतरहि थांबलीं नाहींत.

१९३२ च्या पुणें-करारानंतर भाऊरावांनीं पुण्यांत युनियन बोर्डिंग हाऊस काढलें. तेथेंहि स्पृश्य आणि अस्पृश्य मुलें एकत्रच. पुढें कामाचें क्षेत्र स्वयंपाकघराबाहेर वाढलें. १९४० सालीं साताऱ्यास महाराजा सयाजीराव यांच्या नांवें निवासी हायस्कूल निघालें, आणि १९४७ सालीं छत्रपति शिवाजी कॉलेज. "कमवा आणि शिका" हा तेथील नियम. मुलें शेतांत खपलीं, दगड फोडून इमारतीच्या कामाला लागलीं, आणि त्या श्रमाच्या बळावर त्यांचें शिक्षण चाललें. एवढ्या कष्टांत अभ्यास बुडत नसेल काय, ही शंका शहरांतील आईबापांना येणें स्वाभाविक आहे. कांहीं तास बुडाले असतीलहि. परंतु यांतील बहुतेक मुलांपुढें अभ्यास कीं श्रम अशी निवड कधीं नव्हतीच. श्रम त्यांना गांवींहि चुकले नसते; तेथें फक्त संध्याकाळीं हातपाय धुऊन उघडावयास पुस्तक नव्हतें.