उच्चार माहीत नसलेले अक्षर शोधायचे कसे?

पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळ येथे भोरकडे जाणारा फाटा लागतो. समजा, मराठीचा एक शब्दही न येणारा, पण महिनाभर खपून देवनागरी अक्षरे शिकलेला एखादा परदेशी पाहुणा या फाट्यावर उतरला. समोरच्या दुकानाच्या पाटीवर त्याला 'भुसार' हा शब्द दिसला. त्याच्याजवळ मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे. तो 'भ' काढील, मग 'भु', मग त्यापुढे 'सा', आणि दोन मिनिटांत त्याला कळेल की येथे धान्य मिळते. हा शब्द त्याने पूर्वी कधी ऐकलेला नव्हता. तरीही तो सापडला, कारण आपल्या लिपीत अक्षर दिसले की उच्चार कळतो आणि उच्चारांचा क्रम ठरलेला असतो.

आता उलट कल्पना करा. आपल्या शाळेतला एखादा विद्यार्थी चिनी शिकू लागला आणि त्याच्यासमोर एक अनोळखी अक्षर आले. ते कसे वाचायचे हे अक्षराकडे पाहून खात्रीने सांगता येत नाही. उच्चार कळला तर कोशात अक्षर सापडेल, पण उच्चार कळण्यासाठीच तर कोश हवा! हे कोडे चिनी कोशकारांनी जवळजवळ दोन हजार वर्षे वेगवेगळ्या रीतींनी सोडवले. आज चिनी शिकणाऱ्याने कोणता संगणकीय कोश घ्यावा, या प्रश्नाचे उत्तरही याच इतिहासात आहे.

इ.स. १०० च्या सुमारास शू शन या विद्वानाने ९,३५३ अक्षरांचा कोश रचला. अक्षरांचे तुकडे पाडून पाहिले, तर काही तुकडे पुन्हापुन्हा येतात हे त्याने हेरले. पाण्याशी संबंधित कितीतरी अक्षरांत पाण्याची खूण असते, झाडांच्या नावांत लाकडाची. अशा खुणेला आपण 'गटचिन्ह' म्हणू. शू शनने ५४० गट केले. पुढे १६१५ साली मेइ यिंगत्सू याने ते २१४ वर आणले, आणि १७१६ साली सम्राट कांगशीच्या आज्ञेने तयार झालेल्या ४७,००० हून अधिक अक्षरांच्या कोशात हीच संख्या कायम झाली. गटाच्या आत अक्षरे लावली ती लेखणीच्या फटकाऱ्यांच्या संख्येने. 'नदी' या अर्थाचे 'ह' हे अक्षर पाहा. त्याच्या डाव्या अंगाला पाण्याची खूण म्हणून तीन ठिपके असतात आणि उरलेल्या भागात पाच फटकारे. म्हणून आधी पाण्याचा गट काढायचा आणि त्यात पाच फटकाऱ्यांची अक्षरे पाहायची.

शिक्षकांना ही रीत ओळखीची वाटेल. घाटात एखादे झुडूप दिसले आणि त्याचे नाव माहीत नसले, तर पुस्तकामागच्या सूचीचा काय उपयोग? पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. अशा ग्रंथात आपण पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, पाकळ्या सुट्या की जुळलेल्या, असे विचारत कुळापर्यंत आणि मग जातीपर्यंत पोहोचतो. गटचिन्हांचा कोश हेच काम अक्षरांसाठी करतो. दिसणाऱ्या लक्षणांवरून नावाकडे जाण्याची ही वाट आहे.

दुसरी वाट आवाजाची. १९५८ साली चीनने 'पिनयिन' ही रोमन अक्षरांत उच्चार लिहिण्याची पद्धत अधिकृत केली, आणि कोश उच्चारांच्या क्रमाने लावणे सोपे झाले. ऐकलेला शब्द शोधायला ही वाट उत्तम. पण चिनीत स्वराची चढउतारही अर्थ बदलते. 'मा' उंच सुरात म्हटले तर आई, खाली जाऊन वर आणले तर घोडा. सूर न दाखवणारा कोश शिकणाऱ्याला अर्ध्या वाटेवर सोडतो.

कोणती वाट कोणाला हवी, हे दोन मराठी माणसांच्या कामावरून चांगले समजते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जखमी सैनिकांवर उपचार करता करता ते चिनी शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि १९४२ साली, वयाच्या ३२ व्या वर्षी, तेथेच वारले. रुग्णाला कुठे दुखते हे त्यांना कानांनी समजून घ्यायचे होते. याच काळात पुण्यात प्रा. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट चिनी वाचत होते. 'विमुत्तिमग्ग' हा बौद्ध ग्रंथ मूळ रूपात हरवला होता, पण सहाव्या शतकात झालेला त्याचा चिनी अनुवाद उरला होता. बापटांनी तो पाली 'विसुद्धिमग्गा'शी ताडून पाहिला आणि तो अभ्यास १९३७ साली प्रसिद्ध केला. त्यांचे सारे काम डोळ्यांचे होते.

अशा वाचनात आणखी एक अडचण येते. ह्युएनत्संग इ.स. ६४१ च्या सुमारास आपल्या भागात आला होता. त्याच्या प्रवासवर्णनात 'महाराष्ट्र' हे नाव चार चिनी अक्षरांत आहे. आजच्या उच्चाराने ते साधारण 'मो-ह-ला-छा' असे होते. यातील पहिल्या अक्षराचा अर्थ चोळणे आणि दुसऱ्याचा रागावणे! एकेका अक्षराचा अर्थ देणारा कोश घेऊन बसलो, तर महाराष्ट्र काही हाती लागणार नाही. येथे अक्षरे केवळ आवाजासाठी वापरली आहेत. त्यातच चिनी लिखाणात दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. म्हणून चार अक्षरे मिळून एक नाव आहे, हे कोशानेच दाखवावे लागते. बौद्ध ग्रंथांतील अशा शब्दांसाठी सूटहिल आणि होडस यांचा स्वतंत्र कोश १९३७ सालीच निघाला.

संगणकाने या सगळ्या वाटा एका ठिकाणी आणल्या. आता पडद्यावर बोटाने अक्षर काढता येते, कॅमेऱ्याने पाटी टिपता येते, आवाज लिहूनही शोधता येते. मात्र दर्शनी रूपाला भुलू नये. १९९७ साली पॉल डेनिसोव्स्की यांनी 'सीईडिक्ट' नावाचा खुला चिनी-इंग्रजी शब्दसंग्रह सुरू केला. अनेकांच्या हातांनी वाढत तो आज लाखाहून अधिक नोंदींचा झाला आहे, आणि फुकट मिळणारे कितीतरी कोश आतून हाच संग्रह वापरतात. तेव्हा चार कोश भ्रमणध्वनीवर उतरवले, तरी मते चार मिळतील असे नाही.

विद्यार्थ्याने कोश निवडताना आधी पाहावे की उच्चार माहीत नसतानाही अक्षर सापडते का. मग सूर दाखवला आहे का आणि ऐकवला जातो का, सलग ओळीतून शब्द वेगळे काढता येतात का, १९५६ पासून चीनमध्ये सोपी केलेली अक्षरे आणि जुनी अक्षरे दोन्ही आहेत का, शब्द वाक्यात वापरून दाखवला आहे का, हे तपासावे. वेल्ह्याच्या डोंगरात शिरल्यावर संपर्क तुटला तरी कोश चालायला हवा. आणि नोंदी कोणाच्या आहेत हे सांगणारे पान जरूर उघडावे.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. मुलांना वीस निरनिराळी पाने आणायला सांगा. नावे न वापरता त्यांचा असा 'कोश' लावायला सांगा, की दुसऱ्या गटातील मुलाने एकविसावे पान आणले तर त्याची जागा त्याला स्वतःच सापडावी. पहिल्या तासाला वाद होतील. कोणी रंग घेईल, कोणी लांबी, आणि दोन दिवसांनी पाने वाळली की दोन्ही बदलतील. न बदलणारे लक्षण कोणते, हे शोधता शोधता मुले शू शनच्या प्रश्नाशी येऊन पोहोचतील. मग 'भुसार' हा शब्द दोन मिनिटांत सापडतो, यामागे केवढी सोय आहे, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.