मागूनही वळलेली स्की

मे महिन्यात वर्ध्यात पारा 45 च्या वर जातो, आणि आपण आज बोलतोय बर्फाबद्दल. औली-गुलमर्गचा बेत ठरला की रील्स बघणारी पोरं विचारतात: दोन्ही टोकं वर वळलेली ट्विन-टिप स्की घ्यावी का?

उत्तर तिच्या इतिहासात आहे. 1970 च्या दशकात 'बॅले' स्कीइंगसाठी ऑलिन कंपनीनं मागून वळलेली स्की काढली होती. पुढे तो प्रकार मागे पडला. 1990 च्या दशकात टेरेन पार्कमध्ये, म्हणजे उड्या आणि रेलच्या मैदानात, स्नोबोर्डवाल्यांचं राज्य होतं. उंचवट्यांवरच्या मोगल स्पर्धेत तर कोलांटीला बंदीच! वैतागलेले माइक डग्लस, जे. पी. ऑक्लेअर वगैरे कॅनडाचे स्कीअर पार्कात घुसले. पण साध्या स्कीचं मागचं टोक सपाट. उलटं उतरलं की ते बर्फात रुतायचं. मग त्यांनी नव्या स्कीची कल्पना कंपन्यांपुढे मांडली. सॅलोमननं ती उचलली आणि 1998 मध्ये 'टेन-एटी' आली. नाव 1080 अंशांवरून, म्हणजे हवेत तीन पूर्ण गिरक्या! 2014 ला सोची ऑलिंपिकमध्ये स्कीचं स्लोपस्टाइलही आलं.

म्हणजे ही स्की जन्मली ती उलटं उतरण्यासाठी. तेच करायचं असेल तर घ्या: रेल जास्त असतील तर मऊ, मोठ्या उड्या असतील तर कडक, लांबी हनुवटी ते कपाळाएवढी, बाइंडिंग मध्याजवळ. आणि पहिल्यांदाच बर्फावर उभे राहताय? मग भाड्याची साधी, आखूड स्की बरी. उलटं जाण्याआधी सरळ थांबता आलं पाहिजे ना!