दुसरे टिळक

टिळक म्हटलं की केसरी आणि मंडाले. पण आज लिहितोय ते दुसऱ्या टिळकांबद्दल, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९). बहुतेकांना ते 'स्मृतिचित्रे'मधले लहरी नवरोबा म्हणूनच माहीत असतात. लक्ष्मीबाईंनी त्यांना रंगवलंयही असं भन्नाट, की त्यांचं काम बाजूलाच राहतं.

१८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नगरला (आताचं अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनच्या कामाला लागले. हे मिशन नगरमध्ये १८३१ पासून. म्हणजे साठ वर्षं उलटून गेली होती, तरी उपासनेतली बरीचशी गाणी इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरं, चालीही तिकडच्याच. मराठी शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ परक्या चालीत कोंबले की काय होतं, कल्पना करा! आमच्या भाषेत सांगायचं तर फक्त मेनू मराठीत केला होता, सॉफ्टवेअर तेच.

आणि समोर बसलेली माणसं कोण? बरीचशी खेड्यापाड्यांतून आलेली, महार-मांग समाजातली. त्यांच्या कानात टाळ, एकतारी, जात्यावरची ओवी. टिळकांनी नेमकं हे ओळखलं. ते पहिलेच असं नाही, कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनं आधीच सुरू केली होती. पण टिळकांनी अभंग, ओव्या, पदं यांचा धडाकाच लावला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते उघड सांगत. धर्मांतर म्हणजे मागची पाटी पुसणं असं मानलं जाण्याच्या काळात हे बोलायला हिंमत लागते. 'उपासना संगीत' उघडलं की आजही टिळक पानोपानी भेटतात.

मला खरं थोर वाटतं ते १९१७ साल. गाणी बदलली तरी चर्चचा कारभार आणि पैसा मिशनऱ्यांच्याच हातात होता. पन्नाशी ओलांडलेल्या टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा! जात आणि नातलग सुटतील म्हणून बाप्तिस्म्याला बिचकणारी माणसं गावोगाव होती, त्यांना बाहेर ताटकळत ठेवायचं नाही, हा त्यातला मुद्दा. ही नोकरी सोडणं भावनेच्या भरातलं होतं असं काही जण म्हणतील. मला तो पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय वाटतो.

गंमत (की शोकांतिका?) अशी की समाजाची नस ओळखणाऱ्या या माणसाने बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरी बायकोला पत्ताही नव्हता. काही वर्षं ताटातूट झाली. सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाई आपल्या वेगाने, आपल्या वाटेने बदलत गेल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. दरबाराला जेमतेम दोन वर्षं मिळाली आणि त्यांच्यामागे तो फार चालला नाही. 'ख्रिस्तायन' महाकाव्यही अर्धवट राहिलं, त्यांचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहिले.